छेदाकडे बघा: उपशामक सेवेचं मोजमाप करताना

ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका वाडीत आमची नवी सिस्टर पहिल्यांदाच एकटी भेटीला गेली होती. तोंडाचा कॅन्सर झालेल्या आजी, जन्मभर मिसरी लावलेल्या. सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे विचारलं, "आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही. आत्ता किती?" आजींना ते शून्य-दहा काही उमगलं नाही. म्हणाल्या, "बारा आणं हाय बघ." सिस्टरनं मनातल्या मनात हिशेब केला, सोळातले बारा म्हणजे दहातले साडेसात, आणि वहीत ८ लिहिले. डॉक्टरांनी फोनवर मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, वाढवलं. आजी पुढचा दीड दिवस गुंगीत. आजींना सांगायचं होतं की बारा आणे बरं आहे.

भागाकार चोख होता. दुखणं आणि उतार यांची मात्र अदलाबदल झाली होती.

मी पाटण तालुक्यात घरोघरी जाणाऱ्या एका छोट्या पॅलिएटिव्ह (उपशामक, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी ठेवणाऱ्या) टीमचं काम बघते. एक डॉक्टर, तीन नर्स, एक जीप, एक चालक आणि काही स्वयंसेवक. त्यातले एक निवृत्त गणिताचे गुरुजी. पहिल्या वर्षीच्या अहवालात मी गृहभेटींचा आकडा ठळक अक्षरात छापला होता. गुरुजींनी चष्मा वर सारून तो वाचला आणि म्हणाले, "अंश दिसला. छेद कुठाय?" मला राग आला होता. पावसाळ्यात घाटातून जीप ढकलत केलेल्या भेटी होत्या त्या. पण त्यांचं खरं होतं. भेटी झाल्या, पण त्यातून किती जणांचं दुखणं किती दिवसांत आटोक्यात आलं, आणि ज्यांच्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही ते किती, हे अहवालात कुठंच नव्हतं.

तेव्हापासून चुकतमाकत जे शिकलो ते इथं लिहिते. एखादा ट्रस्ट, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्ह्याची टीम अशी सेवा चालवत असेल, तर त्यांना उपयोगी पडावं.

आधी थोडंच निवडा

गुणवत्ता मोजणाऱ्यांमध्ये ॲव्हेडिस डोनाबेडियन यांची १९६६ची विभागणी अजून चालते: रचना, प्रक्रिया, परिणाम. सोप्या भाषेत, साधन आहे का, काम नीट होतं का, आणि माणसाला फरक पडला का. तिन्हीतून मिळून सात-आठ गोष्टी निवडा, त्यापुढं जाऊ नका. आम्ही सुरुवातीला चौतीस रकान्यांचा तक्ता केला होता. तो भरण्यात नर्सची भेट संपायची, आणि आजीच्या हाताला हात लावायचा राहून जायचा.

साधनांपैकी एकच मोजायचं तर मॉर्फिन मोजा. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला मॉर्फिनसारखी औषधं ठेवणं त्यामुळं सोपं झालं, पण रोजच्या शिलकेची नोंदवही ठेवावीच लागते. म्हणजे हा आकडा तुमच्याकडं आयता आहे. महिन्यातल्या किती दिवशी शिल्लक शून्य होती ते त्या वहीतून काढा. छेद महिन्याचे सगळे दिवस, रविवार आणि दिवाळी धरून. गोळी संपलेल्या दिवशी दुखणं काही सुट्टी घेत नाही.

कामकाजातल्या तीन गोष्टी आम्ही बघतो. पहिली, नाव कळल्यापासून पहिली भेट होईपर्यंत किती तास गेले. दुसरी, मॉर्फिन चालू असलेल्यांपैकी किती जणांना सोबत पोट साफ होण्याचं औषध दिलंय. हे किरकोळ वाटतं, पण आमच्याकडं मॉर्फिन बंद करण्याचं सर्वांत मोठं कारण चार-चार दिवस शौचाला न होणं हेच निघालं. माणूस पोटासाठी गोळी सोडतो, दुखणं परत येतं, आणि घरचे म्हणतात, "औषध लागू पडलं नाही." तिसरी, रात्रीचा फोन. आमचे गुरुजी महिन्यातून एकदा न सांगता रात्री अकरानंतर आमच्या नंबरावर फोन करतात. उचलला की म्हणतात, "झोपा." नाही उचलला तर सकाळी येऊन बसतात.

दुखणं विचारण्याची रीत

परिणाम मोजायला नवं काही शोधून काढायची गरज नाही. एडमंटन लक्षण मोजपट्टी १९९१ सालापासून वापरात आहे. दुखणं, थकवा, झोपाळूपणा, मळमळ, भूक, धाप, उदासी, काळजी आणि एकूण कसं वाटतंय, अशा नऊ गोष्टी, प्रत्येकी शून्य ते दहा, आणि प्रश्न 'आत्ता'चा. दुसरी आयपॉस नावाची प्रश्नावली. तिच्यात लक्षणांबरोबर मनाला शांत वाटतं का, घरच्यांना घोर लागलाय का, आजाराबद्दल हवी तेवढी माहिती मिळाली का, असंही विचारतात. आम्ही पहिली दर भेटीला वापरतो, दुसरी महिन्यातून एकदा. दोन्ही रोज भरून घेतल्या तर पेशंट आपल्याला बघून डोळे मिटून घेतो. हा अनुभव आहे.

फॉर्मवरचे शब्द बदलू नका, मग तुलना करता येत नाही. समजावून सांगताना मात्र त्यांच्या भाषेत उतरा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना रुपयाचे आणे अजून कळतात. त्या प्रसंगानंतर आम्ही दोन रकाने केले: 'दुखणं किती आणे' आणि 'मागच्यापेक्षा उतार किती आणे'. माणूस जे बोलला तेच तिथं लिहायचं, दहात रूपांतर नंतर टेबलावर बसून. आणि लिहिण्याआधी एकदा उलटून विचारायचं: "बारा आणे दुखतंय म्हणता, की बारा आणे कमी झालंय?" दोन्ही उत्तरं कामाची आहेत, पण ती एका रकान्यात बसत नाहीत. उतार बारा आणे असेल आणि मूळचं दुखणं दहातलं दहा असेल, तर अजून अडीच शिल्लक आहे. मूळचं चारच असेल तर एक.

दुसरी गोम 'दुखणं' या शब्दातच आहे. एका काकांना विचारलं, "दुखतं का?" "न्हाय." मी वही मिटत होते, तेवढ्यात पायाकडं हात नेत म्हणाले, "ठणका तेवढा लागतोय रातच्याला." त्यांच्या लेखी ठणका म्हणजे दुखणं नव्हतंच. आता आम्ही ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या अशी सगळी नावं घेऊन विचारतो. आग, चमक, मुंग्या म्हणाले तर मज्जातंतूंचं दुखणं असू शकतं, त्याला औषधं वेगळी लागतात. म्हणजे नीट विचारलेला प्रश्न मोजमापाबरोबर उपचारालाही कामी येतो.

खोलीत कोण आहे तेही लिहा. इथली बरीच मुलं मुंबईला, वाशीच्या बाजारात माथाडी. मुलगा रजा टाकून आला असेल तर बाप कधीच सात म्हणत नाही, दोन म्हणतो. पोरानं परत जावं, मजुरी बुडू नये म्हणून. पाणी आणायला, चहा टाकायला कुणाला तरी पाठवा आणि पुन्हा विचारा. बोलता न येणाऱ्यांचं दुखणं घरच्यांना विचारावं लागतं, पण त्या आकड्यापुढं 'घ' लिहा. घरच्यांचा आकडा आणि पेशंटचा आकडा एकात मिसळला की सरासरीला काही अर्थ उरत नाही.

अंश, छेद आणि रिकामा रकाना

आता खरा भाग. शून्य ते दहातलं १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ आणि त्यापुढं तीव्र असं साधारण धरतात. आमचा मुख्य आकडा असा: पहिल्या भेटीत ४ किंवा जास्त असलेल्यांपैकी किती जण ३ किंवा खाली आले, आणि तेही ४८ तासांत. अमेरिकेतल्या हॉस्पिसमध्येही (अखेरच्या आजारातली सेवा) ४८ तासांत दुखणं सोसवेल इतकं आलं का, असं विचारण्याची पद्धत वापरली गेली आहे. फरक इतकाच की आमच्याकडं ४८ तासांनी दुसरी भेट होईलच असं नसतं, म्हणून ती फोनवर होते.

समजा, तीन महिन्यांत ४० नवे पेशंट आले. त्यातल्या २६ जणांचं दुखणं चार किंवा जास्त. १८ जणांची ४८ तासांनंतरची नोंद आहे, त्यातले १४ तीन किंवा खाली आले. आता टक्केवारी काढा. १८ पैकी १४ म्हणजे ७८ टक्के. अहवालात शोभून दिसेल. पण २६ पैकी १४ म्हणजे ५४ टक्के. दोन्ही खरे. कुठला छापायचा? आम्ही दोन्ही छापतो आणि मधल्या आठ जणांचं काय झालं ते खाली लिहितो. तिघं ४८ तासांच्या आत गेले. दोघांचा फोन लागला नाही. एकाला मुलगा मुंबईला घेऊन गेला. दोघांकडं आमचंच जाणं झालं नाही.

या आठ ओळींत आमच्या कार्यक्रमाची खरी परीक्षा आहे. तिघं दोन दिवसांत गेले म्हणजे ते आमच्याकडं फार उशिरा पाठवले गेले. त्याला कारण मोठं रुग्णालय, गावातला डॉक्टर आणि आम्ही, आम्हीही, कारण त्या डॉक्टरांना आम्ही भेटलोच नव्हतो. रिकामा रकाना म्हणजे शून्य नाही, आणि 'बरं आहे'ही नाही. सर्वांत आजारी माणसांचेच रकाने रिकामे राहतात, म्हणून त्यांना गाळून काढलेली सरासरी नेहमी गोड दिसते.

तुलनेसाठी काही हवंच असेल तर ऑस्ट्रेलियाकडं बघा. तिथं २००५ पासून वोलोंगाँग विद्यापीठाच्या मार्गदर्शनाखाली पॅलिएटिव्ह सेवांचे परिणाम देशपातळीवर एकत्र मोजतात. आजाराचे टप्पे पाडतात: स्थिर, अस्थिर, खालावत जाणारा, अखेरचा. टप्प्याच्या सुरुवातीला मध्यम किंवा तीव्र दुखणं असलेल्यांपैकी ६० टक्के शेवटी सौम्यावर किंवा शून्यावर यावेत, आणि ज्यांचं सौम्य होतं त्यांतल्या ९० टक्क्यांचं तसंच राहावं, असं त्यांचं लक्ष्य. आपली मोजण्याची रीत वेगळी, त्यामुळं तुलना ढोबळच. पण वरच्या उदाहरणात ७८ घेतले तर आपण पास, ५४ घेतले तर नापास. छेदाची ताकद इतकी असते.

महिन्याला सहा-सात नवे पेशंट असतील तर टक्केवारी काढूच नका. एका माणसानं आकडा पंधरा टक्के हलतो. 'सातपैकी पाच' असं लिहा आणि वर्षभराचे बारा ठिपके एका कागदावर मांडा. गुरुजी हे अजून आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं करतात.

घरी गेला म्हणजे चांगला गेला का?

परदेशी अहवालांत 'घरी मृत्यू' हा चांगल्या सेवेचा पुरावा म्हणून येतो. आपल्याकडं तो तसाच उचलू नका. आपल्या खेड्यात बहुतेक माणूस घरीच जातो. पैसे संपले, "आता घरी न्या" म्हणाले, गाडी करून आणला, ओटीवर टाकला. हा घरचा मृत्यू आहे, पण त्यात आमची कामगिरी शून्य. म्हणून आम्ही दोन रकाने ठेवतो: शेवटची नोंदलेली इच्छा आणि प्रत्यक्षात काय झालं. इच्छा बदलते. "घरीच" म्हणणारा माणूस रात्री धाप लागली की दवाखाना मागतो, आणि त्यात चूक काही नाही. म्हणून शेवटची नोंद धरायची. इच्छा विचारलेलीच नसेल तर तेही लिहायचं. पहिल्या वर्षी आमचा हा रकाना जवळपास पूर्ण कोरा होता, कारण घरचे दारातच सांगायचे, "त्यांना कॅन्सरचं म्हाईत न्हाय, बोलू नका." त्यातून वाट काढायला आम्हाला वेळ लागला. आता "दुखणं वाढलं तर कुठं असावंसं वाटेल?" एवढंच विचारतो. आजाराचं नाव घ्यावं लागत नाही.

घरच्यांचं समाधान मोजणं हा सर्वांत फसवा प्रकार. "सेवा कशी वाटली?" असं विचारलं की शंभरातले शंभर म्हणतात, "देवासारख्या आलात ताई." तो त्यांचा मोठेपणा आहे, आपला गुण त्यात कळत नाही. मत विचारण्यापेक्षा घडलेलं विचारा. रात्री फोन केला होता का? कुणी उचलला? किती वेळानं? शेवटच्या आठवड्यात असं काही झालं का, जे काय करावं ते कळलं नाही? शेवटच्या प्रश्नाला लोक बोलतात. भेटीला गेलेल्या नर्सनं हे विचारू नये, तिच्या तोंडावर कुणी वाईट सांगत नाही. आमच्याकडं गुरुजी जातात. तेरावं होईपर्यंत कागद घेऊन कुणाच्या दारात जाऊ नये. आम्ही दीड-दोन महिने जाऊ देतो, आणि पहिली दिवाळी येत असेल तर ती टाळतो.

पैशाचं गणित

देणगीदार शेवटी विचारतातच: इतक्या खर्चात काय मिळालं? भेटीमागे खर्च सांगू नका. तसं केलं की टीम जवळच्या गावांत भेटी वाढवते आणि कोयनेच्या पलीकडची वाडी राहून जाते. आम्ही 'सेवेतला एक दिवस' हे माप धरतो. समजा महिन्याचा खर्च १,८०,००० रुपये आणि त्या महिन्यात सर्व पेशंटचे मिळून १,२०० दिवस सेवेत गेले, तर दिवसाला १५० रुपये. पगार, डिझेल, औषधं, फोन, सगळं धरा. स्वयंसेवकांचे तासही लिहा, पैशात नका मांडू हवं तर. १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेलं काम पुढं केरळभर पसरलं ते शेजारपाजारच्या माणसांच्या जिवावर. तो नमुना बघून येणारे आपले लोक त्या माणसांचे तास हिशेबात धरत नाहीत, आणि मग इथं नुसत्या पगारी टीमवर तसं का जमत नाही म्हणून हिरमुसतात.

दुसरी बाजू घराची. आमची सेवा नसती तर काय खर्च झाला असता, हा प्रश्न अवघड आहे. सेवेच्या आधीचा महिना आणि नंतरचा महिना अशी तुलना सगळे करतात, आणि बचत भरपूर दिसते. पण माणूस आपल्याकडं येतो तेव्हा आधीचा महिना जवळजवळ नेहमीच त्याच्या आयुष्यातला सर्वांत महाग असतो. तपासण्या, कराडच्या खेपा, ॲडमिशन. तो खर्च आपण नसतो तरी काहीसा उतरलाच असता. म्हणून 'आम्ही वाचवले' असं न लिहिता, घराला काय लागलं तेवढं सरळ नोंदवा: गाडीभाडं किती वेळा, किती माणसांची किती दिवस मजुरी बुडाली, कर्ज काढलं का, शेळी-म्हैस विकली का. भेटीतच हे विचारा, महिन्यानं आठवत नाही.

अमेरिकेतल्या टेमेल यांच्या २०१०च्या अभ्यासाचा दाखला प्रत्येक प्रस्तावात असतो. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे १५१ पेशंट. निम्म्यांना निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह सेवा. बारा आठवड्यांनी त्यांचं जगणं जास्त सुसह्य होतं, अखेरीस आक्रमक उपचार कमी घेतले, तरी मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्यापेक्षा जास्त जगले तो काळ) ११.६ महिने, दुसऱ्या गटाचं ८.९. अभ्यास चांगलाच आहे. पण ते पेशंट चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटलेले होते आणि सेवा लवकर मिळाली होती. आपल्याकडं माणूस शेवटच्या पंधरवड्यात येतो. त्यांचे आकडे आपल्या अहवालात आपले म्हणून वापरायचे नाहीत.

एक छेद अजून राहिला, सर्वांत मोठा. जगात ज्यांना अशी सेवा हवी त्यांतल्या साधारण १४ टक्क्यांनाच ती मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या तालुक्याचं काय? भारतात वर्षाला हजार माणसांमागे ढोबळमानानं सहा-सात मृत्यू होतात. लाखाच्या लोकवस्तीत सहाशे-सातशे. त्यातल्या निम्म्यांना शेवटच्या वर्षात अशी सेवा लागली असती असं धरा, आणि 'धरलंय' असं स्पष्ट लिहा. आपण किती जणांपर्यंत पोचलो ते या आकड्यावर मांडा. आम्ही मांडलं तेव्हा बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चालकानं विचारलं, "मंजी दुसरी जीप लागणार की?"

महिन्याची बैठक आता रिकाम्या रकान्यांपासून सुरू होते. गुरुजी नावं वाचतात, आम्ही कारणं सांगतो. मागच्या महिन्यात दोन होती. एक बाई माहेरी गेली होती, आणि एका घरचा फोन भात लावताना चिखलात पडला होता. गुरुजी म्हणाले, "वाडीत दुसरा फोनच नाही का?" तेव्हापासून पहिल्या भेटीच्या कागदावर तीन नंबर लिहून घेतो: घरचा, शेजारचा आणि आशाताईचा.